शेवटचा फर्मा

चाळिसाव्या पानावर एक गाठ होती.

तळ्याच्या धक्क्याला होडी बांधलेली, होडीत कुणी नाही आणि नायिका दोराकडे बघत उभी. दोराचा फास खांबाला अडकवलेला. सुटं टोक फासाच्या आतल्या बाजूला असायला हवं, ते बाहेर लोंबतंय. लेखिकेने त्या टोकावर चांगल्या चार ओळी खर्च केल्या होत्या. नायिकेने फोन काढला, फोटो घेतला आणि ती पुढे गेली. मी मात्र तिथेच अडकले. रात्रीचे सव्वाअकरा, बाहेर पाऊस लागलेला, सकाळी उठून दोन डबे करायचे होते. पर्समधलं बसचं तिकीट त्या पानात खुणेला घातलं आणि दिवा मालवला. झोप काही लागेना. टोक बाहेर का?

पुस्तक माझं नव्हतं. ईराचं होतं. ईरा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, यंदा अकरावीला. तिची पुस्तकं लगेच ओळखू येतात. जिथे तिथे पेन्सिलने लिहिलेलं, आणि डावखुरी असल्यामुळे लिहिता लिहिता तिचाच हात त्यावरून फिरून समासात करडा धूर पसरलेला. हे पुस्तक देताना तिने दोन अटी घातल्या होत्या. मागची पानं आधी बघायची नाहीत, आणि वाचून झाल्यावर "बरं आहे" एवढंच म्हणून सोडून द्यायचं नाही. "मावशी, शेवट असा आहे ना, की तू उडशीलच."

उडाले, पण ते नंतर.

नाव सांगत नाही. एकतर लेखिका नवी आहे, आणि दुसरं म्हणजे या चालीची पुस्तकं इतकी निघतात की एकीलाच का उभं करा. अमेरिकेतलं एक लहानसं गाव, गावाला तळं, तळ्यावर मुलांचं उन्हाळी शिबिर. तीन वर्षांपूर्वी तिथे एक मुलगा बुडून मेलेला. पोलिसांनी अपघात म्हणून फाइल बंद केलेली. त्याची जिवाभावाची मैत्रीण, आता सतरा वर्षांची, त्या गावात परत येते आणि तिला निनावी मेसेज यायला लागतात. पाचेक पानांची प्रकरणं, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी काहीतरी धाडकन होणार: दार वाजणार, फोन वाजणार, मागून कुणीतरी हाक मारणार.

याला तिकडे यंग अडल्ट म्हणतात. म्हणजे साधारण बारा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी. मी पन्नाशी ओलांडलेली बाई हे काय वाचत बसलेय, असं कुणाला वाटलं तर सांगून टाकते, मी एकटी नाही. २०१२ साली अमेरिकेत बोकर या संस्थेने पाहणी केली तेव्हा ही पुस्तकं विकत घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक अठरा किंवा त्याहून मोठे निघाले, आणि त्यातले बहुतेक म्हणे स्वतःसाठीच घेत होते.

गाठीबद्दल मला एवढं का वाटलं, त्यासाठी मिरजेला जावं लागेल.

मिरजेत मामाचं बाइंडिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे वाड्याच्या पुढच्या दोन खोल्या. एका खोलीत लाकडी शिकंजा, कापायचं मशीन आणि छतापर्यंत पुठ्ठे. दुसऱ्या खोलीत मामा जमिनीवर बसून पुस्तकं शिवायचा. दाभण, हाडाची पट्टी, मेणावरून ओढलेला दोरा. मागच्या अंगणात मामी स्टोव्हवर खळ शिजवायची. मैद्याची, आणि किडे लागू नयेत म्हणून तिच्यात मोरचूद. त्या निळसर खळीचा आंबूस वास मामाच्या हातालाच नाही, त्याने वाढलेल्या आमरसालासुद्धा यायचा. निदान दादा तसं म्हणायचा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि दादा महिनाभर तिथे. गावातल्या एका सर्क्युलेटिंग लायब्ररीची सगळी पुस्तकं मामाकडे बांधायला यायची. नवी कादंबरी आली की मूळ कव्हर काढायचं, नीट शिवून पुठ्ठ्याची बांधणी करायची, पाठीला कापड आणि वर अबरी कागद लावायचा. मामाकडची अबरी ठरलेली, निळ्यावर तपकिरी नागमोडी. लायब्ररीत त्या अबरीचं एक अख्खं कपाट होतं, आणि ते रहस्यकथांचं होतं. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. काळा पहाड, झुंजार, धनंजय या त्यांच्या नायकांनीच निम्मं कपाट भरलेलं. उरलेल्या निम्म्यात बाकी सगळे. आम्हाला दुहेरी फायदा होता. लायब्ररीत दिवसाचे दहा पैसे पडायचे आणि मामाकडे पुस्तक फुकट वाचायला मिळायचं, तेही कापायच्या आधी, कडा ओबडधोबड असताना.

फर्मा हा शब्द मी तिथे शिकले. एका मोठ्या कागदाच्या एका बाजूला आठ पानं छापतात, दुसऱ्या बाजूला आठ. घड्या घातल्या की सोळा पानं ओळीने येतात. असे फर्मे एकावर एक लावून शिवले की पुस्तक होतं. फर्मे इकडचे तिकडे होऊ नयेत म्हणून प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर, अगदी तळाला, बारीक टाइपात पुस्तकाच्या नावाचं अक्षर आणि फर्म्याचा आकडा छापलेला असायचा. वाचणाऱ्याला तो दिसतसुद्धा नाही. मामाला तेवढंच दिसायचं. आयुष्यभरात त्याच्या हातून हजारो पुस्तकं गेली असतील. त्याने त्यातली फक्त तळटोकं वाचली.

१९८६ चा मे महिना. मी बारा वर्षांची, दादा चौदाचा. लायब्ररीतून एक रहस्यकथा आणली होती. जुनी हवेली, म्हाताऱ्या जमीनदाराचा खून, कर्जबाजारी भाचा, संशयास्पद डॉक्टर, एकनिष्ठ नोकर. काय लागतं ते सगळं. आम्ही दोघं एकाच वेळी वाचायचो, दादा डावं पान धरून आणि मी उजवं. त्याचं आधी वाचून व्हायचं आणि तो माझ्या नावाने कण्हत बसायचा. एकशेबाराव्या पानाच्या शेवटी गुप्तहेराने सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं, दार लावलं आणि म्हणाला, खुनी याच खोलीत आहे.

नजर उजव्या पानावर गेली. एकशेतेरा. मुंबईची गोदी, धो धो पाऊस आणि एका जहाजाच्या कप्तानाला बेड्या घातल्या जात होत्या.

आम्हाला आधी वाटलं, कथाच तिकडे वळली. दोन पानं वाचली. हवेली नाही, डॉक्टर नाही, नोकर नाही. दादाने पुस्तक जमिनीवर आपटलं. मी मात्र पानाच्या तळाशी बघितलं, कारण मामाच्या शेजारी बसून तेच बघायची सवय लागली होती. आमच्या पुस्तकाच्या सगळ्या फर्म्यांवर 'र' होता. या शेवटच्या फर्म्यावर 'मृ' होता. मृ-८.

मामाला दाखवलं तर त्याचा चेहरा पडला. दोन पुस्तकं एकदम उसवून बसला होता. दोन्ही एकशेअठ्ठावीस पानांची, म्हणजे आठ-आठ फर्म्यांची. कागद तोच, आकार तोच. शेवटचे फर्मे अदलाबदल झाले, आणि पानांचे आकडे बरोबर लागत असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हणजे आमच्या खुन्याला घेऊन ते दुसरं पुस्तक गावात फिरत होतं.

रहस्यकथांच्या कपाटात 'मृ'वरून सुरू होणारी पुस्तकं शोधणं म्हणजे गणपतीच्या देवळात 'ग' शोधण्यासारखं. निम्मी 'मृत्यू'पासूनच सुरू व्हायची. पण मामाकडे वही होती, कुठलं पुस्तक कधी दिलं त्याची. त्या आठवड्यात 'मृ' एकच. लायब्ररीवाल्यांचं रजिस्टर बघितलं तर पुस्तक बाहेर गेलेलं, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेल्या एका आजोबांकडे. मिरज जंक्शनच गाव, दर चौथ्या घरात कुणी ना कुणी रेल्वेत. घर लगेच सापडलं.

आजोबा पायरीवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. पुस्तक? हाय की, वाचून झालंय, न्या. दादाने अगदी सहज दाखवत विचारलं, "आजोबा, कसं होतं?"

"झकास."

"शेवटी कोण निघालं?"

"कोण म्हंजे? हवेलीतला म्हातारा नोकर." मग ते जरा थांबले. अडकित्ताही थांबला. "तो आधी कुठं आला होता, ते काय माझ्या ध्यानात ऱ्हायलं नाही बघ. वय झालं आता."

गोदीवरची, जहाजाची, कप्तानाची कथा. तिच्यात हवेली नव्हती, नोकर नव्हता. तरी त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, नोकर खुनी निघाला हे मान्य केलं, आणि काही जुळत नाहीये म्हटल्यावर दोष दिला तो स्वतःच्या वयाला.

दादाला तेव्हा वाईट वाटलं ते शेवट फुटला म्हणून. त्याने तिथेच पायरीवर बसून सोळा पानं वाचली, मग धावत घरी येऊन आमचं पुस्तक उघडलं आणि एकतिसाव्या पानावर बोट ठेवून ओरडला, "होतं! इथे होतं!" एकतिसाव्या पानावर नोकर म्हणतो की मी आत्ताच जागा झालो, आणि बोलता बोलता कंदिलाची काच फडक्यात धरून काढतो. आम्ही वाचलं होतं आणि आम्हाला वाटलं होतं की तो काच पुसतोय. फडकं तर पुसायलाच असतं. पण त्याने ती फडक्यात धरली होती, कारण काच गरम होती. कंदील नुकताच विझवलेला होता. तो झोपलाच नव्हता.

त्या कादंबरीच्या लेखकाचं नाव आज मला आठवत नाही. भाषा बेतास बात होती, डॉक्टर प्रत्येक वाक्याला खदाखदा हसायचा. पण ते फडकं मी चाळीस वर्षांत विसरले नाही.

मामाने दोन्ही पुस्तकं पुन्हा उसवली, फर्मे जागच्या जागी लावले. दोरा संपला की तो नव्या दोऱ्याला विणकराची गाठ मारायचा. आम्हालाही शिकवली होती, आणि एक गोष्ट हजारदा बजावली होती: "दोन्ही शेपट्या एकाच बाजूला यायला पाहिजेत. एक इकडं एक तिकडं आली की गाठ दिसते तशीच, पण ओढ बसली की सुटते." पुढे शाळेत गाइडमध्ये आम्हाला बोलाइन नावाची गाठ शिकवली. दोराचं सुटं टोक म्हणजे ससा. ससा बिळातून वर येतो, झाडाला वळसा घालतो, परत बिळात जातो. मी मिरजेला गेल्यावर मामाला करून दाखवली. त्याने ती उलटीपालटी केली आणि म्हणाला, "ही तीच की गं." खरंच तीच. विणकराच्या गाठीत दोन दोरे असतात आणि बोलाइनमध्ये एकाच दोराचा फास, पण वळसे तेच.

तर चाळिसाव्या पानावरची गाठ ही होती. सुटं टोक बाहेर असलेली बोलाइन. इंग्रजीत तिला डावखुरी बोलाइन असंही म्हणतात, हे मला ठाऊक होतं. झोप लागायच्या आत माझा निकाल झाला होता: खुनी डावखुरा आहे.

आता पुढची तीनशे पानं मी कशी वाचली ते सांगते. हात बघत वाचली. कोण कुठल्या हाताने कप धरतो, कोण कुठल्या खांद्याला बॅग अडकवतो. एकशे सव्विसाव्या पानावर नायिकेच्या वर्गातला एक मुलगा डाव्या हाताने सही करतो. मी मनातल्या मनात टाळी दिली. काय बेमालूम पेरलंय, म्हटलं. दोनशे नव्वदाव्या पानावर नायिकेचा फोन तळ्यात पडला, त्याबरोबर गाठीचा फोटोही गेला, तेव्हाही मी निवांत होते. फोटो गेला म्हणजे आता तिला आठवून काढावं लागणार. म्हणजे लेखिका आता फास आवळतेय.

तीनशे एकसष्टाव्या पानावर खुनी आला. होड्या ठेवायच्या शेडमध्ये, हातात बंदूक घेऊन. हा शिबिराच्या स्वयंपाकघरात भाजी-दूध पोचवणारा माणूस. त्याने पुढची अकरा पानं न थांबता स्वतःचा गुन्हा सांगितला. का केलं, कसं केलं, कुणाला गप्प बसवलं. नायिकेच्या खिशात उसना फोन चालू होता, सगळं रेकॉर्ड झालं. पोलीस आले. संपलं.

गाठीचा उल्लेख नाही. एक शब्द नाही.

मी काय केलं असेल? मागे गेले. आपलंच काहीतरी निसटलं असणार. रात्री एक वाजता चष्मा पुसून पानं चाळत बसले. हा भाजीवाला आधी कुठे होता? सापडला, अठ्ठावन्नाव्या पानावर. एका वाक्यात. ट्रकमधून खोकी उतरवताना. परत पुढे, परत मागे. गाठ कुठे गेली? झोपेत एखादं पान सटकलं असेल. हल्ली होतंच तसं, नावं आठवत नाहीत, चष्म्याचा नंबर वाढलाय. आणि मग पायरीवरचे आजोबा आठवले, सुपारी कातरणारे, आणि मी त्या तीनशे एकसष्टाव्या पानाच्या तळाशी बघितलं. अर्थात काही नव्हतं. पण हाताला दुसरं काही सुचलं नाही.

रोनाल्ड नॉक्स नावाचे एक इंग्लिश कॅथलिक धर्मगुरू होते, ते रहस्यकथाही लिहायचे. १९२९ साली त्यांनी या कथांसाठी दहा नियम घालून दिले, अर्धे गमतीने. एकाहून जास्त गुप्त खोल्या नकोत, असलासुद्धा एक नियम त्यात आहे. पण पहिला नियम गमतीचा नाही: गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच वाचकाला भेटलेला असला पाहिजे. आणखी एक असा, की गुप्तहेराला सापडलेला दुवा तिथल्या तिथे वाचकालाही दाखवला पाहिजे. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रहस्यकथाकारांचा डिटेक्शन क्लब निघाला, तिथे नव्या सभासदाला शपथ घ्यावी लागे, आणि दैवी साक्षात्कार आणि योगायोग यांच्यावर विसंबायचं नाही हे त्या शपथेत होतं. एलरी क्वीन या टोपणनावाने लिहिणारी अमेरिकन जोडगोळी तर पहिल्या कादंबरीपासून शेवटाआधी थांबून वाचकाला सरळ आव्हान द्यायची: सगळे दुवे तुमच्यापुढे आहेत, आता सांगा. हे सगळे नियम मोडून उत्तम कथा झाल्या आहेत, हे मलाही माहीत आहे. पण एकशेबाराव्या पानावर थांबून आव्हान द्यायची हिंमत ज्याच्यात आहे त्याच्याशी पोरांनी भांडावं तरी. या पुस्तकात ते पान कुठे घालणार? दुवा दाखवला होता, पण तो कशाचाच दुवा नव्हता.

आणखी एक गोष्ट खटकली, ती जरा बारकाव्याची आहे. कथा नायिका स्वतः सांगते, तीही वर्तमानकाळात. मी दार उघडते, मी पायऱ्या उतरते. म्हणजे आपण तिच्या डोक्यात बसलोय. आणि पहिल्या प्रकरणापासून ती म्हणत राहते, त्या रात्री मी जे केलं ते कुणालाच माहीत नाही. स्वतःच्या डोक्यातसुद्धा ती ते साडेतीनशे पानं बोलत नाही. कुणापासून लपवते? आम्ही तर आतच आहोत. १९२६ सालची एक प्रसिद्ध इंग्रजी कादंबरी आहे, तिच्यातही निवेदक काही लपवतो, तेव्हा तिच्यावरही बरीच चिडचिड झाली होती. नाव सांगून कुणाची मजा घालवत नाही. पण ती दुसऱ्यांदा वाचा. जिथे लपवलंय तिथे वाक्यांच्या मधोमध भोक आहे, आणि ते भोक पहिल्यापासून उघड्यावर आहे. या नायिकेच्या वाक्यात भोक नव्हतं, पडदा होता, आणि त्यावर मोठ्या अक्षरात 'पडदा' लिहिलेलं होतं.

प्रकरणाच्या शेवटी हिसका देण्याबद्दल मात्र माझी तक्रार नाही. ती युक्ती आजच्या मोबाइलवाल्या पिढीसाठी निघाली असं जे म्हणतात त्यांनी अमेरिकेतल्या एडवर्ड स्ट्रेटमायरचा मुलांच्या पुस्तकांचा कारखाना बघावा. त्याच्या रहस्यकथांच्या मालिका, १९२७ मध्ये हार्डी बॉइज, १९३० मध्ये नॅन्सी ड्रू. तो गोष्टीचा आराखडा करून द्यायचा, भाडोत्री लेखक ती लिहायचे, आणि कव्हरवर जे नाव असायचं त्या नावाचा लेखक जगात नसायचाच. तिथेही प्रकरण टांगूनच संपायचं. आणि आमचा फुरसुंगीचा बनेश फेणे तरी कुठे सरळ घरी जायचा? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे संकटात पडायचा, जिभेने 'टॉक्' करायचा आणि निसटायचा. नशीब त्याच्यावर जरा जास्तच खूश असायचं, हे मोठेपणी वाचताना कळतं. तरी त्याला सोडवत नाही, कारण त्या काटकुळ्या पोराचे डोळे सतत उघडे असतात, आणि त्याच्याबरोबर आपलेही उघडे राहतात.

रविवारी ईरा आली. मी पोहे केले होते. ती पिशवी टाकता टाकताच म्हणाली, "झालं? उडालीस?"

"गाठीचं काय झालं?" मी विचारलं.

"कसली गाठ?"

मी चाळिसावं पान उघडून दाखवलं. तिने चार ओळी वाचल्या, अगदी पहिल्यांदा वाचाव्यात तशा, आणि माझ्याकडे बघितलं. "हे होतं होय?" मग मी तिला डावखुरा मुलगा, सही, तळ्यात पडलेला फोन, सगळं सांगितलं. ती पोह्यांवरचं खोबरं बाजूला करत ऐकत होती. म्हणाली, "मावशी, तू पुस्तक वाचलंस की तपासलंस?"

"शेवट आवडला तुला? तो भाजीवाला?"

"तो कुठे शेवट आहे?"

तिने पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि मागची पानं काढली, भाजीवाल्याच्याही मागची. तिथे नायिका शेवटी सांगते की त्या रात्री तिने काय केलं. काहीच नाही केलं. त्या मुलाचा फोन आला होता, दोनदा. ती त्याच्यावर रुसली होती म्हणून तिने बघून फोन पालथा ठेवला. बस. ती ओळ ईराने अधोरेखित केली होती, एकदा सरळ आणि एकदा वर नागमोडी, आणि समासात काहीतरी लिहून खोडलं होतं. ते खोडलेलंही हाताने पसरून धूर झालं होतं. मी वाचायचा प्रयत्न केला नाही.

ही पानं मी वाचली होती का? वाचली असणार. रात्री एक वाजता, भाजीवाल्यावर डोकं तापलेलं असताना, गाठ शोधत. नायिकेचे आणि त्या मुलाचे जुने मेसेज होते मधे कुठेतरी, तेही मी भराभर उलटले होते, कारण मेसेजमध्ये हात दिसत नाहीत. आणि ईराची दहावीतली जिवलग मैत्रीण गेल्या जूनपासून तिच्याशी बोलत नाही, एवढं मला बहिणीने सांगितलेलं होतं. जास्त कुणालाच माहीत नव्हतं.

मी तिला लगेच "बरोबर आहे तुझं" म्हटलं नाही. आजही म्हणत नाही. पालथा ठेवलेला फोन चांगला आहे, फार चांगला आहे, पण त्यासाठी गाठ वाऱ्यावर सोडायची गरज नव्हती. ज्या लेखिकेला तो फोन सुचला तिला होडीचा दोर सांभाळता आला नसता? संपादक नावाचा माणूस काय करत होता? की सोळा वर्षांच्या वाचकाला गाठ दिसणारच नाही, असं दोघांनी धरलं? याचा मला जास्त राग आला होता, आणि हे मी ईराला जरा चढ्या आवाजात सांगितलं. मग तिला मिरजेच्या गार्ड आजोबांची गोष्ट सांगितली. ती हसली. म्हणाली, "मी पण तेच केलं. भाजीवाला आला तेव्हा मला वाटलं, मीच नीट वाचलं नाही."

"मग?"

"मग काही नाही. पुढे वाचलं."

पोहे संपले. तिने टेबलावरची सुतळी उचलली, जुन्या पेपरांच्या गठ्ठ्याची. "दाखव तरी, कशी असते ती."

मी ससा, बीळ आणि झाड दाखवलं. टोक फासाच्या आत येतं, ही साधी. आता तू कर, म्हटलं, तुझ्या डाव्या हाताने कर, म्हणजे तुला कळेल टोक बाहेर कसं येतं आणि मला कसं कळलं. तिने सुतळी उजव्या हातात धरली, डाव्या हाताने ससा वर काढला, वळसा घातला, बिळात सोडला. ओढलं.

टोक आत.

"चुकलं असेल," मी म्हटलं. "परत कर."

परत केली. आरशात बघावी तशी, माझ्या गाठीची उलटी प्रतिमा, सगळं डावीकडचं उजवीकडे. आणि टोक आत. मी सुतळी घेतली आणि माझ्या उजव्याच हाताने ससा झाडाभोवती उलट्या बाजूने फिरवला. टोक बाहेर आलं. हाताचा संबंधच नव्हता. नाव डावखुरी, बांधणारा कुठल्याही हाताचा. तीन रात्री मी एका निरपराध पोराच्या सहीवर पाळत ठेवून होते.

ईराने तिसऱ्यांदा बांधून खात्री केली. "मग टोक बाहेर ठेवून कोण बांधतं?"

"ज्याला नीट शिकवलेलं नाही तो. किंवा ज्याला मुद्दाम वेगळी शिकवलीय तो."

"भाजीवाला खोकी बांधतो," ती म्हणाली.

आम्ही दोघींनी एकदम पुस्तकाकडे हात नेला. अठ्ठावन्नावं पान. ट्रक, खोकी, एक वाक्य. खोकी दोराने बांधलेली आहेत का, याबद्दल त्या वाक्यात काही नव्हतं. ईराने ते दोनदा वाचलं, मग चाळिसाव्या पानावर आली, माझं बसचं तिकीट बाजूला केलं आणि त्या चार ओळींच्या शेजारी पेन्सिलने एक मोठं प्रश्नचिन्ह काढलं. काढता काढताच ते तिच्या हाताने पुसट झालं.